विनलंडची लाल पट्टी

"सगळ्या मुलींना लाल पट्टी, आणि माझ्याच लेकीचं कपाळ मोकळं?" वस्तीत वाटणी करणाऱ्या म्हातारीवर मी ओरडले.

आमच्या किनाऱ्याला विनलंड म्हणणाऱ्या समुद्रापलीकडच्या दाढीवाल्यांनी कातड्यांच्या बदल्यात ते कापड दिलं होतं. पुरेना, तेव्हा शेवटचा तुकडा त्यांनी आपल्याच एका तापाने फणफणलेल्या खलाशाच्या अंगावरून फाडला. वाटणाऱ्याने शेवटचं घ्यायचं, ही आमची रीत. म्हणून, मोजणीत माझी लेक सुटली तरी, तो म्हातारीच्या नातीला आला. माझ्या तोंडाला कंटाळून तिने त्यातला अर्धा मला दिला.

पंधरवड्यात नातीच्या अंगावर फोड उठले आणि ती गेली. तिला पुरून म्हातारी तशीच माझ्याकडे आली.

"सोड गं ती पट्टी. जाळून टाक."

"दिलेलं परत मागतेस, आजी?" मी लेकीच्या डोक्यामागची गाठ आणखी आवळली.

तिचं कपाळ हाताला गरम लागलं.