खडे निवडताना

स्वतःच्याच अंगणात चोरासारखं कडेकडेनं चालायचं, ही धाकट्या लेकाची कुठली तऱ्हा, हे आक्कांना आजवर उमगलं नव्हतं. गेटापासून दारापर्यंत सरळ वाट असताना हा बाबा कुंपण धरून वळसा घालून यायचा. गाडीही आत आणू द्यायचा नाही. अंगण रिकामं आणि गाडी बाहेर रस्त्यावर, उन्हात, पाखरांच्या शिटांनी माखलेली. विचारलं की म्हणायचा, मातीत चाकं रुततात.

आता त्यावर उपाय निघाला होता. गेटापासून दारापर्यंत काँक्रीटची वाट, तीही साधीसुधी नाही, वर खडे दिसणारी. काँक्रीटवाल्यानं सकाळीच ताटाएवढे नमुने आणून कुंपणाच्या सावलीत मांडले होते. ओतलं की वर औषध फवारायचं, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या माऱ्यानं वरची साय धुऊन काढायची, की आतले खडे उघडे पडतात, असं त्यानं समजावून सांगितलं.

"आमच्या वेळी खडे उघडे पडले की गवंड्याला शिव्या बसायच्या," आक्का पायरीवरून म्हणाल्या. "आता हौसेनं पाडून घ्यायचे."

काँक्रीटवाला हसला. सुनेचं लक्ष नव्हतं. ती नमुन्यांपुढे उकिडवी बसली होती आणि तिचा जीव तांबूस गोट्यांत आणि काळ्या खडीत अडकला होता. वर्षभर नवऱ्यामागे लागून तिनं हे पदरात पाडून घेतलं होतं. गाडी थेट पायरीशी आली की पोरांना दप्तरं ओढत यायला नको, शाळेतून येताना दोघंही मागच्या सीटवर पेंगलेली असतात, असं ती पुन्हा एकदा सांगत होती. धाकटा हो हो करत होता. बघत मात्र होता गेटाकडं.

ओला झाला की खड्याचा रंग बदलतो, म्हणून बादलीत पाणी आणलं होतं. पण रंग बघायचा तर उन्हात, असं म्हणत काँक्रीटवाल्यानं एक नमुना उचलला आणि अंगणाच्या मधोमध निघाला. धाकट्यानं त्याचा दंड धरला. इथंच ठीक आहे म्हणाला. काँक्रीटवाल्याला ते काही पटेना, तसा याचा आवाज उगाचच चढला. सुनेनं मान वर केली. आक्कांनीही.

मग काँक्रीटवाल्यानं त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला. खाली जुनं काही आहे का, विहीर, टाकी, असलं काही. असेल तर आधी त्याची सोय लावू.

"काही नाही," धाकटा म्हणाला. "सगळं पक्कं आहे."

टाकी होती. गटाराची लाइन येण्यापूर्वी घरच्या संडासाचं सगळं तिच्यातच जायचं. लाइन आल्यावर टाकी उपसून, झाकण फोडून, आत दगडविटा ठासायचं काम आक्कांनी धाकट्यावर सोपवलं होतं आणि स्वतः बहिणीच्या आजारपणाला गेल्या होत्या. परत आल्या तर वर सपाट माती. पोरगं कामाला लागलं म्हणून त्यांनी शेजारीपाजारी कौतुक केलं होतं. पुढे तो अधूनमधून त्याच जागी दोन पाट्या माती आणून टाकायचा, तेव्हाही त्यांना वाटायचं, याला अंगणाची हौस आहे.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात रोवत बादलीपाशी गेल्या. सून म्हणाली, आक्का, द्या, मी ओतते, कुठल्या नमुन्यावर टाकू? त्यांनी तिला हातानंच बाजूला केलं आणि बादली घेऊन मधोमध चालू लागल्या.

"आक्का, तिकडं नको," धाकटा म्हणाला.

नको म्हणाला, पण जागचा हलला नाही.

आक्का टाकीच्या जागेच्या चार हात अलीकडेच थांबल्या आणि बादली लवंडली. पाणी मातीवर पसरलं, क्षणभर थबकलं, मग एका जागी गोळा होऊन आत ओढलं गेलं. ना चिखल, ना डबकं. थोड्या वेळानं खालून आवाज आला. पाण्यात पाणी पडल्याचा, बराच खोलवरून.

काँक्रीटवाल्यानं हातातला नमुना हळूच खाली ठेवला आणि सुनेला पायरीवर जायला सांगितलं. ती गेली नाही. ज्या जागी पाणी मुरलं तिथं तिनं पाहिलंही नाही. ती नवऱ्याकडं बघत राहिली.

धाकटा बोलायला लागला. वर एवढं जाड काँक्रीट येणार होतं. इतकी वर्षं काही झालं का. उगाच खोदाखोद निघाली असती, घाण वर आली असती, शेजाऱ्यांनी नाकं मुरडली असती. सारखं सारखं एकच बोलत होता, आणि पाठ कुंपणाला टेकलेली होती.

आक्कांनी त्याला बोलू दिलं. त्याचं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी काँक्रीटवाल्याला सांगितलं, आधी गडी बोलाव, टाकी उघड, उपस आणि तळापासून भरून घे, मी इथं खुर्ची टाकून बसते. त्यानं मान डोलावली. मग त्या लेकाकडं वळल्या. आवाज चढवला नाही. तो चढला असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं.

"खाली पोकळ आहे हे तुला ठाऊक होतं, आणि तू हिला वरचा रंग निवडायला बसवलंस," त्या म्हणाल्या. "आजपासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा मी बघून पिईन."