वाचून दाखवलेला शेवट

शशिकलाबाईंनी टॅब्लेटवर दोन बोटं फाकवली आणि अक्षरं वालाच्या दाण्याएवढी झाली. "अहो, हे तर मला दिसतंय," त्या म्हणाल्या.

लेकीने पाठवलेला टॅब्लेट घरात आल्यापासून भास्करराव त्याला नावं ठेवत होते. डोळे बिघडतील, चार्जिंग संपेल, पुस्तकाची मजा त्यात नाही. बायकोची नजर अधू झाल्यापासून रोज दुपारी त्या हाताच्या अंदाजाने वाल सोलत बसायच्या आणि भास्करराव त्यांना कादंबरी वाचून दाखवायचे. आता त्यातलीच एक आवडती कादंबरी त्या स्वतः वाचत होत्या, आणि भास्करराव पेपरच्या आडून त्यांचा चेहरा बघत होते.

आठवड्याने शशिकलाबाई शेवटाला पोचल्या.

"अहो, यात सुमन मरते. तुम्ही तर तिचं लग्न लावलं होतंत. पंगतीत जिलेबी होती."

"त्याच्या आधीच्या कादंबरीतलं पोर गेलं, तेव्हा तू दिवसभर जेवली नव्हतीस," भास्करराव पेपर खाली न करता म्हणाले.

"म्हणजे तेव्हापासून कुणीच मेलं नाही?"

"एक सासरा मेला. तो तुला आवडत नव्हता."

शशिकलाबाईंनी टॅब्लेट नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि वालाचं पातेलं पुढे ओढलं.

"अक्षरं मोठी करून ठेवली आहेत. शेवट पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "आणि जिलेबी विसरू नका."