अडवणारा हात

बॅलेच्या वर्गात भिंतीचा दांडा धरून केतकी बाजूला झुकली, तोच फ्रेनी मिसचा तळवा तिच्या बरगडीखाली आला. "थांब. वेल आधी वर चढते, मग झुकते. तू कमरेतच मोडतेयस."

केतकीच्या मनात पाल चुकचुकली. उद्या मुख्य नाचासाठी निवड होती आणि शर्यतीत मिसची भाची होती. तिला मिस कधी अडवत नसत. आपल्याच पोळीवर तूप ओढायचं, दुसरं काय.

सगळ्या गेल्यावर ती मिससमोर मुद्दाम खोल झुकली. केसांतली पिन पडली. मिस उचलायला आल्या, पण त्यांना वाकवेना. दांडा घट्ट धरून, पाठ ताठ ठेवून त्या गुडघ्यांवर टेकल्या.

"मला अडवायला कुणी नव्हतं गं," पिन देत त्या म्हणाल्या.

केतकीने हात देऊन त्यांना उठवलं. मग ती आधी उंच झाली, आणि थोडीशीच झुकली.