दहाव्याचे शेंगोळे

"योगेश, तिला सांग, इथं तिचं काय काम नाय," खंडेराव म्हणाले. बोलताना त्यांनी हर्षालीकडे पाहिलंसुद्धा नाही.

योगेशने वेगळं सांगायची गरजच नव्हती. बहीण हाताच्या अंतरावर उभी होती. रामकुंडाच्या पायऱ्यांवर सगळी भावकी जमली होती आणि जो तो तिच्या हातातल्या हिरव्या चुड्याकडे बघत होता. लग्नाची मेंदीही अजून पुरती उतरली नव्हती.

"त्यांना सांग, मी जाणार नाही," हर्षाली म्हणाली.

बोरस्त्यांचं घर हे असंच. अमरधामच्या रस्त्यावर त्यांचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान. बांबू, सुतळी, मडकी, पांढरं कापड, काय हवं ते मिळायचं. गल्लीतली पोरं म्हणायची, यांच्या घरावर मालिका काढली तर बाकीच्या मालिका गाशा गुंडाळतील. दुसऱ्याच्या घरचं मयत बिनबोभाट पार पाडणारी ही माणसं स्वतःच्या घरात एकमेकांशी धड बोलत नसत. खंडेराव भिंतीकडे बघून विचारायचे, योगेश छताकडे बघून उत्तर द्यायचा. दुकान खरं चालवलं ते लताबाईंनी आणि हर्षालीने. तिरडी बांधायला आईनेच तिला शिकवलं. गाठ घट्ट हवी, पण एका ओढीत सुटली पाहिजे, असं आई सांगायची.

मग हर्षालीने संतोषशी कोर्टात लग्न केलं. संतोषची जात खंडेरावांना चालणारी नव्हती. त्याच दिवशी घरात आकांत झाला. आणि काल योगेशचा फोन आला. "उद्या सकाळी दहावा आहे, रामकुंडावर. तुला कळू द्यायचं नाही असं बाबांनी बजावलंय. पण मला राहवलं नाही."

"तुला बघवेल का?" संतोषने विचारलं होतं.

"मी नाही बघायचं तर कुणी?"

द्वारका चौकातून रिक्षा करून ती एकटीच आली. पिंडाला कावळा शिवला की या घराशी असलेला तिचा शेवटचा धागाही तुटणार होता. तो तुटू द्यायचा नाही, एवढ्यासाठीच ती आली होती. तिला संताप आला होता, आणि रडूही येत होतं. रडायचं नाही, असं तिने रिक्षातच ठरवलं होतं.

"तुझ्यापायी ही येळ आली," भिकनकाका पुटपुटले. "जाताना आईबापाचा इचार केला व्हता का?"

एका कडेला बायका पदर ओढून बसल्या होत्या. तिकडे बघायचं हर्षालीने टाळलं. पाटावरच्या फोटोला झेंडूचे इतके हार घातले होते की चेहरा त्यात बुडून गेला होता. खंडेरावांचं डोकं गुळगुळीत होतं. योगेशचे केस मात्र जागच्या जागी होते, म्हणजे सकाळी बापलेकात त्यावरूनही वाजलं असणार. दुकानाचे नेहमीचे गुरुजीसुद्धा आले नव्हते. त्र्यंबकहून कुणी नवखे बोलावले होते.

पिंड मांडला गेला. शेजारी केळीच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढलं होतं. शेंगोळे, शेव, कैरीचं लोणचं, एक पेढा.

कावळे भिंतीवर ओळीने बसले होते. एकही खाली उतरेना. ऊन वर आलं, माणसं चुळबुळू लागली.

"गुरुजी, दर्भाचा कावळा शिववा अन् मोकळं करा," खंडेराव म्हणाले.

"योगेश, त्यांना सांग," हर्षालीचा आवाज चढला, "गिऱ्हाइकाला आपण असं करू देत नाही. आधी इच्छा विचारा म्हणतो. मग आपल्याच घरात घाई कशाला?"

"ताई बरोबर बोलतायत," गुरुजी म्हणाले. "काही राहून गेलं असेल त्यांचं. शब्द द्या."

योगेशने हात जोडले. "दुकान मी नीट चालवीन. गाठ एका ओढीत सुटेल अशीच बांधीन."

एक कावळा पंख झटकून पुन्हा तिथेच बसला.

"नांदत्या घरात सुखी राहा," भिकनकाका घाईघाईने म्हणाले आणि जीभ चावली. कावळा हललाही नाही.

"कर्त्या माणसाने बोलावं," गुरुजी म्हणाले.

खंडेरावांनी नजर नदीकडे वळवली. "गेलेल्या मान्साशी काय बोलायचं?"

योगेश वळला आणि थेट हर्षालीला म्हणाला, "ताई, तूच सांग. काय राहिलं?"

"जेवायचं राहिलं," ती म्हणाली.

चपला काढून ती पायऱ्या उतरली. भिकनकाका आडवे आले, तिने त्यांचा हात बाजूला सारला. पानापुढे मांडी घातली आणि शेंगोळ्यांचा घास उचलून तोंडात घातला.

"अहो ताई, ते पान मयताचं आहे!" गुरुजी ओरडले.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. सावकाश चावून तिने घास गिळला आणि फोटोवरचे हार एकेक करून काढून ठेवले. कॉलेजच्या गॅदरिंगला आईचं लाल लुगडं नेसून काढलेला आपलाच फोटो तिने घडीभर पाहिला. मग पदराआड हुंदके देत बसलेल्या लताबाईंकडे वळून म्हणाली, "आई, मीठ कमी पडलंय गं."