कावळ्याची वाट

बोलिव्हियाची हद्द मागे टाकून चिलीत शिरताना अधिकाऱ्यानं सुहृदच्या सॅकमधला डबा उघडला. आईनं निघताना दिलेल्या लाडवांतला एकच उरला होता.

“खायचं काही आत नेता येत नाही. इथंच संपवा, नाहीतर टाका.”

डोंगरात फोनच लागत नव्हता. आई गेल्याचं सुहृदला कालच कळलं होतं. आज तिचा दहावा. सुतकात गोड कसं खायचं?

बाहेर जाऊन त्यानं लाडू पिंडासारखा दगडावर ठेवला, हात जोडले. “आई, माझ्यात जीव अडकवू नकोस गं.”

आभाळ रिकामंच होतं. बस हॉर्न देऊन थकली, तेव्हा ड्रायव्हरच उतरून आला.

“कशाची वाट बघतोस?”

“कावळ्याची.”

“कावळा?” ड्रायव्हर गोंधळला. “तो सिनेमातच पाहिलाय मी. आमच्याकडे नसतो.”