झाडलेली जागा

सीमेपलीकडच्या रानात बंदुका वाजायला लागल्या, तशी चंदा दोन लेकरं घेऊन चिचगडला आली. शांतीबाईनं तिला गुरांचा रिकामा कोठा दिला, चूलही मांडून दिली. चैतात मोह गळू लागला. त्या सकाळी शांतीबाई दुखरी कंबर धरून आपल्या मोहाखाली गेली, तर चंदा पाचोळा झाडत होती. ज्यानं झाडलं, फुलं त्याची, अशी इथली रीत. “कोठा देल्ला, आता झाडबी पायजे का वं?” चंदानं खराटा खाली ठेवला. “नाही, माय.” दुसऱ्या दिवशी उजाडता कोठा रिकामा होता, शेणानं सारवलेला. दारात शांतीबाईचंच टोपलं, मोहफुलांनी काठोकाठ. शांतीबाईचा नवरा सुकराम तिला म्हणाला, “कंबर दुखते म्हणून रोज कण्हून राहिली तू. आयकलं असन तिनं.” शांतीबाई फाट्यावर धावली. बस गेली होती. झाडलेल्या जागेवर मोह टपटपत होता. वेचायला तिचा हात धजेना.