पुन्हा मोज

“कुणी आहे की नाही इथं? अहो, मेलो मी!”

ऑपरेशननंतर शुद्धीवर येऊन त्याला दहा मिनिटंही झाली नव्हती. पोटाला सतरा-अठरा टाके होते. भूल उतरत होती आणि दुखणं चढत होतं.

“मेलेल्या माणसाचा आवाज इतका खणखणीत नसतो हो साहेब,” कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या.

शिकाऊ डॉक्टर मुलगी हसू दाबत खाटेशी गेली. “काका, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.”

“दहा! बारा! तू राहू दे, मोठ्या डॉक्टरांना बोलाव.”

मोठ्या डॉक्टर त्याच्या उशाशीच उभ्या होत्या. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातात भरलेली सिरिंज. भूल देणाऱ्या बाई. त्यांनीच त्याला झोपवलं होतं आणि त्यांनीच उठवलं होतं.

“हे इंजेक्शन देण्याआधी काय बघायचं?” बाईंनी मुलीला विचारलं. घरात तान्हं मूल झोपलेलं असावं इतक्या हळू त्या नेहमीच बोलायच्या.

“श्वास, मॅडम. या औषधानं श्वास मंदावतो.”

“मग मोज. घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट.”

मुलीनं त्याच्या छातीवर नजर ठेवून श्वास मोजले. तो चादर मुठीत धरून कण्हत होता.

“बावीस. दुखतंय म्हणून वाढलेत. द्यायला हरकत नाही ना?”

“पुन्हा मोज.”

मुलीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिनं नीट लक्ष देऊन परत मोजले. “बावीसच आहेत, मॅडम.”

“पुन्हा मोज.”

“अरे, काय चाललंय काय?” तो ओरडला. “आधी सुई टोचा, मग भरवा तुमची शाळा!”

बाई खाली वाकल्या. अगदी त्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या, “सवय लागेल, भाऊजी.”

त्याचं कण्हणं थांबलं. मास्कच्या वरच्या डोळ्यांकडे तो बघत राहिला. हुबेहूब बायकोचे डोळे.

“धाकटी?”

“हो.”

ताईच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तिला याच औषधाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या यानं कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात. धाकटी रोज फोनवर विनवायची, आणि रोज हा एवढंच सांगायचा, सवय लागेल तिला. सतरा दिवस. ताई गेली तेव्हा गोळ्यांचं पाकीट फोडलेलंही नव्हतं.

आज सकाळी यादीत त्याचं नाव वाचल्यावर बाईंना ही केस दुसऱ्या डॉक्टरांकडे देता आली असती. त्यांनी दिली नाही. ऑपरेशनभर त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. अंगाला ऊब दिली, डोळे सुकू नयेत म्हणून पापण्यांवर पट्ट्या लावल्या, रक्तदाब जरा म्हणून ढळू दिला नाही. झोपलेल्या माणसाला काय कळणार? त्यांना तो धडधाकट हवा होता, आणि जागा.

“मी तिच्या चांगल्यासाठीच केलं गं,” तो म्हणाला. “नशेचं औषध ते. घरात लोक काय म्हणाले असते? आणि तिला एवढं दुखत होतं, हे मला कुठं ठाऊक?”

बाई सिरिंज त्याला दिसेल अशी धरून उभ्या राहिल्या.

“दे गं. पाया पडतो तुझ्या.”

“ताईही पडली होती तुमच्या.”

त्यानं तोंड फिरवलं. डोळ्यातलं पाणी की घाम, कोण जाणे, कानापर्यंत ओघळत गेलं.

“मोजलेस का गं?” बाईंनी मागे न बघता विचारलं.

“तीनदा मोजले, मॅडम. बावीसच. नाडी एकशे तीसवर गेलीय. आता मी नाही मोजणार.”

मावशींचे हात चादरीवर थांबले. बाईंनी वळून मुलीकडे बघितलं. मग सलाइनच्या नळीला सिरिंज लावली. हे औषध सावकाश द्यायचं असतं. जितकं सावकाश द्यायचं, तितकंच सावकाश त्यांनी ते दिलं. त्याहून एक क्षणही जास्त घेतला नाही.

हळूहळू त्याच्या कपाळावरची आठी गेली. मूठ सुटली. तो झोपला.

सतरा दिवसांपुढे सात मिनिटं. बाईंना ती फार थोडी वाटली.

मुलीनं खाटेच्या पायथ्याचा तक्ता काढून भरायला घेतला. औषध मागितल्याची वेळ, दोन बारा. दिल्याची वेळ, दोन बारा. “मी कुणाला काही सांगणार नाही, मॅडम,” ती कुजबुजली. “मावशीही नाही सांगणार.”

“खोटं लिहू नकोस.” बाईंनी पहिली वेळ खोडून तिथं दोन पाच केलं.

“पण मग पुढचा रकाना भरावा लागेल. उशीर का झाला, तो. चौकशी लागेल हो तुमच्यामागं. नोकरीवर येईल.”

“पेन दे.”

त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं, तक्ता जागेवर अडकवला, हात धुतले आणि पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीचं पांघरूण सारखं करायला गेल्या.

मुलीनं वाकून वाचलं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, सुवाच्य अक्षरात. मुद्दाम. खाली बाईंचं पूर्ण नाव.